सीटखाली ठेवलेला डबा

काल शेजारच्या घरातून करंज्या तळल्याचा वास आला आणि येरवड्यातला तो नाताळ समोर उभा राहिला. मला आयटी कंपनीत नोकरी लागून तीनच महिने झाले होते. नाताळच्या आदल्या दिवशी आजीने ऑफिसातल्यांसाठी डबाभर करंज्या दिल्या. मी कुरकुरले, "आजी, तिथे कुणी मागितल्यात का?"

आजोबा हसले. "देवाने आपला पुत्र दिला, तो तरी कुणी मागितला होता? न मागता द्यायचं, तोच नाताळ."

ऑफिसात मोठा केक येणार होता. त्या जुन्या स्टीलच्या डब्याची मला लाज वाटली. उतरताना मी तो कंपनीच्या बसमध्ये, सीटखाली मुद्दाम ठेवून दिला.

संध्याकाळी दोघं दारातच उभे होते. "आवडल्या का गं?"

"सगळ्यांना. डबा तिथेच राहिला."

आजीने आनंदाने आजोबांचा हात धरला. प्रार्थनेला बसल्यावर आजोबांनी विचारलं, "कुणी कुणी खाल्ल्या? नावं सांग." मी एकेक नाव सांगत गेले आणि ते डोळे मिटून त्या प्रत्येकासाठी आशीर्वाद मागत गेले. प्रत्येक नावानंतर आजी "आमेन" म्हणत होती.

दोघांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. खरं सांगायचं राहूनच गेलं. ती नावं मात्र मला अजून त्याच क्रमाने पाठ आहेत.