थांबायचा निरोप

संजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. उरलेले निवडूनच उठले. कुणाला मी दगड वाटेन. पण धाकट्या भावाचं आजारपण बारा वर्षं काढलं की धावायचं बळच राहत नाही... आता पाच आठवडे झाले, तरी अंगातला शीण जात नाही.

नायगावच्या चाळीत आमची खोली गॅलरीच्या या टोकाला, सगळ्यांचे संडास त्या टोकाला. संजूला दिवसातून पंधरा-पंधरा वेळा पळावं लागायचं. पोटात कळा, रक्त. कधी पोचायचा, कधी नाही. वर मीच ओरडायचे, “ऑफिसखाली वडापाव चापतोस, मग भोग!” बिचारा महिनोन्‌महिने पेजेवर असायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मलाच समोर बसवलं. “ताई, दोष खाण्याचा नाही. पेशी एकमेकींना निरोप देतात, जंतू आले, लढा, झालं, थांबा. यांच्यात तो थांबायचा निरोपच नीट पोचत नाही. म्हणून शरीर स्वतःच्याच आतड्याशी लढत बसलंय.” बाहेर आल्यावर संजू म्हणतो, “पेशींचं जाऊ दे, निदान तुला तरी निरोप पोचला ना?” “मेल्या!” म्हटलं आणि जिन्यातच रडले. वडापाववरून पुन्हा कधी बोलले नाही.

त्याला आयुष्यात एकच हवं होतं, घरातल्या घरात संडास. शेजारच्या चाळींच्या जागी टॉवर उठत होते, आमच्या नावाचा फ्लॅटही ठरला होता. हा नकाशा घेऊन बसायचा. “बघ ताई, पलंगावरून उठलं की समोरच दार. कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.” पण आजार आवरायचा तर प्रतिकारशक्तीच दाबायची, आणि तशात छातीत संसर्ग झाला. परळच्या हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हा विचारलंन, “चावी कधी देतायत गं?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग काढतो तेवढे दिवस...”

नाही काढता आले त्याला. फार राग येतो मला, अजून येतो. कुणावर काढू?

चावी गेल्या आठवड्यात मिळाली. नव्या घरात मी एकटीच आहे. सगळं कसं चकचकीत, रांग नाही, बादली नाही. तरी रोज सकाळी संडासाच्या कडीला हात लावते आणि तोंडातून निघतंच, “संजू, तुला जायचंय का रे आधी?” जरा वेळ उभी राहते. मग आत जाते.