तेरा घरांची हजेरी

जयसिंगमामांचे गुडघे गेले, त्याला डॉक्टर वय कारण सांगत. मामांचा ठपका मात्र पिरंगुटच्या ख्रिस्ती मंडळीवर होता. वर्षातून एका रविवारी, मंडळीच्या वर्धापनदिनी, त्यांना दुसऱ्यांच्या घरांसाठी तेरा वेळा उठून तेरा वेळा बसावं लागे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे उद्योग कोणी सांगितले होते? तर त्यांच्या वडिलांनी.

धरणाच्या कामावर नगरकडून आलेल्या सात ख्रिस्ती घरांनी ही मंडळी उभी केली. वर्धापनदिनी घरांची वही उघडायची, पाळकांनी एकेका घराचं नाव वाचायचं आणि त्या घरातल्या कुणीतरी उठून ‘हजर’ म्हणायचं, ही रीत तेव्हापासूनची. एका वर्षी गायकवाडांचं सगळं घर तापानं अंथरुणाला खिळलेलं. नाव पुकारलं गेलं, कुणी उठेना. मामांचे वडील शेजारी राहायचे. ते उठले आणि ‘हजर’ म्हणाले. पाळकांनी मान डोलावली आणि नियम होऊन बसला: ज्याला येता येत नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्यानं उठायचं.

पुढे कंपन्या आल्या, घरं सतरा झाली. मग जमिनींचे भाव चढले, भाडी परवडेनात, पोरांच्या नोकऱ्या लांब लागल्या. एकेक घर सामान बांधू लागलं. मामा कंपनीत फिटर; सुटून आले की ओट्यावर चहा पीत बसलेले असायचे. निघताना प्रत्येक जण तिथे यायचा आणि म्हणायचा, “मामा, तेवढं आमचं हजर म्हणत जा.” नाही म्हणता न येणं हा मामांचा जन्माचा आजार. असं करत करत तेरा घरं त्यांच्या गळ्यात पडली. खरी उरली चार, त्यांतलं एक मामांचं. बाकी तिघांची खोड अशी की गेलेल्या घरांची नावं आली की उठावं लागू नये म्हणून ते खाली बघत.

बायको गेल्यावर मामा एकटेच होते. शनिवारी देवळाचं, म्हणजे चर्चचं, दार उघडायचं, बाक पुसायचे, रविवारी घंटा वाजवायची. लेक सुलक्षणा महाळुंग्याला राहायची, लिफ्ट असलेल्या इमारतीत. “बाबा, आता चला माझ्याकडे,” असं ती तीन वर्षं म्हणत होती. या पावसाळ्यात मामांनी पहिल्यांदाच ‘बघू’ म्हटलं, आणि ते कुणालाच सांगितलं नाही.

त्याच सुमारास नवे पाळक आले, अमोल साळवे. माणूस मनमिळाऊ. त्यांनी मामांना बसवून सरळच सांगितलं.

“मामा, आठच्या मराठी उपासनेला नऊ माणसं असतात. दहाच्या इंग्रजीला सूस-महाळुंग्याहून इतक्या गाड्या येतात की अंगण पुरत नाही. मंडळीच्या समितीचं म्हणणं आहे, दहा घरं तरी असतील तरच मराठी चालू ठेवा. वर्धापनदिनाला जितकी घरं उभी राहतील तितका आकडा मला कळवायचाय. पण वहीत तर सतरा आहेत, मग काळजी कसली?”

मामांनी ‘व्हय’ म्हटलं. तेरा वेळा उठलं की झालं. हातचा मळ.

जाताजाता पाळकांनी आणखी एक काम गळ्यात घातलं: वर्धापनदिनाच्या पुस्तिकेसाठी मंडळीचा इतिहास, दोनच पानं. मामा वही घेऊन बसले. कोणतं घर कधी आलं हे लिहून झालं. आता कोण कुठे आहे तेही लिहावं म्हणून त्यांनी गायकवाडांच्या नातवाला चिंचवडला फोन लावला. पोरगा अदबीनं बोलला.

“काका, आम्ही इथल्याच चर्चला जातो, वीस वर्षं झाली. तिकडे अजून आमचं नाव आहे?”

“हाय की,” मामा म्हणाले.

“कमाल आहे. मग काढून टाका ना आता.”

मामांनी फोन ठेवला. बाकीच्या बारांना लावायचं धाडस त्यांना झालं नाही. ज्यांच्यासाठी आपण एवढी वर्षं गुडघे झिजवले, त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांना राग आला नाही. आला तो नुसता थकवा, आणि तो झोपूनही गेला नाही. इतिहास तसाच अर्धा राहिला.

वर्धापनदिनाला पाळकांनी वही उघडली. शेवंतीचे हार, धुतलेली फरशी, पुढच्या बाकावर चौऱ्याऐंशीच्या लीलाबाई काठी धरून. पहिलंच नाव आलं.

“गायकवाड.”

मामांनी पुढच्या बाकाची पाठ धरली. शरीर सवयीनं निम्मं उठलंसुद्धा. मग ते परत खाली बसले.

पाळकांनी वर पाहिलं. “गायकवाड?”

“ते न्हाईत साहेब,” मामा बसूनच म्हणाले. “लई वर्सं झाली. मीच उठत होतो.”

पाळकांनी वहीत एक खूण केली. मग पुढचं नाव वाचलं. मामा म्हणाले, “न्हाईत.” त्याच्या पुढचं वाचलं. तेही नाहीत. खऱ्या घरांची नावं आली तेव्हा ती माणसं उठली, लीलाबाईही काठीवर उठल्या, आणि बाकी सगळ्या वेळी मामांचं ‘न्हाईत’ तेवढं ऐकू येत राहिलं. आकडा काय होणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. आठची उपासना गेली, आणि ती आपण घालवली, हे मामांना सगळ्यांत आधी कळलं होतं.

शेवटचं नाव मामांच्या स्वतःच्या घराचं होतं.

“जयसिंग भोसले.”

मामा उठले नाहीत. खोटं बोलायचं नाही असं एकदा ठरल्यावर स्वतःपुरतं तरी कसं बोलावं? महाळुंग्याला जाणाऱ्या माणसानं इथे हजर म्हणायचं कोणत्या तोंडानं? त्यांनी ‘न्हाई’ म्हणायला तोंड उघडलं, पण ते एक काही केल्या बाहेर पडेना.

पुढच्या बाकावर काठी आपटल्याचा आवाज झाला. लीलाबाई पुन्हा उठत होत्या. त्यांना उठायला बराच वेळ लागला आणि पाळक पेन धरून थांबून राहिले.

“हजर,” लीलाबाई म्हणाल्या. मग मागे वळल्या. “दवाखान्यात व्हते तवा दोन वर्सं माझ्यापायी उठलास ना? मग बस गप. औंदा तुझं मी म्हणते.”

पाळकांनी मान डोलावली आणि वहीत चारचा आकडा लिहिला.