काळी चार, पांढरी दोन

दुष्काळी कामाच्या पहिल्या उन्हाळ्यात रस्ता मी शिकवत होतो त्या शाळेच्या पायरीपर्यंत आला होता. दुपारच्या सुट्टीत खडी फोडणारी माणसे व्हरांड्यात सावलीला बसत. त्यांतले एक गृहस्थ, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, स्वतः रचलेली गाणी म्हणत. गाणी टँकरची असत, खडीची असत, आटलेल्या आडाची असत. एक तरुण उपडे घमेले मांडीवर घेऊन त्यांना ठेका देई. मी शाळेची पेटी बाहेर आणली. दवाखान्यातला कंपाउंडर आपला बँजो घेऊन येऊ लागला. घमेल्याच्या जागी ढोलकी आली आणि आमची चौघांची पार्टी झाली. गाणाऱ्यांना आम्ही अण्णा म्हणत असू.

तीन वर्षांत आम्ही सोनारीच्या यात्रेत गायलो, तुळजापुरात गायलो. नळदुर्गच्या ढाब्यावर चहाला थांबलो तरी लोक अण्णांना टँकरचे गाणे म्हणायला लावत.

पेटी न हाताळलेल्या वाचकासाठी एक गोष्ट सांगायला हवी. गाणारा ज्या स्वराला आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. अण्णांची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी, चढी; आकडा लहान तशी पट्टी खालची. ती बदलली की पेटीवाल्याची सगळी बोटे बदलतात आणि बँजोच्या साऱ्या तारा नव्याने लावाव्या लागतात. म्हणून प्रत्येक गाण्यापुढे मी वहीत पट्टी लिहून ठेवी, आणि वहीबाहेर जाणे मला मान्य नसे.

सहकारी साखर कारखान्याच्या पहिल्या मोळीपूजनाला आम्हांला बोलावणे आले. इतका मोठा मांडव आम्ही पाहिला नव्हता. मंचावर चढण्यापूर्वी अण्णा माझ्याजवळ आले आणि गळ्यात अजून खडीची धूळ बसल्यासारखी वाटते, काळी तीनवर घ्या, असे हळूच म्हणाले. मी घड्याळ पाहिले. बँजो लावायला वेळ नव्हता, हे खरे होते. वेळ मागून घेता आला असता, हेही खरे होते. मी म्हणालो, "अण्णा, सराव काळी चारवर झालाय."

ते तसेच मंचावर चढले. तिसऱ्या गाण्याच्या चढ्या ओळीवर त्यांचा आवाज फाटला. पुढच्या रांगेत हशा झाला. अण्णांनी ओळ अर्धी सोडली आणि ते मंचावरून उतरून चालते झाले. मी मात्र ते कडवे पेटीवर शेवटपर्यंत वाजवले.

त्यानंतर अण्णा गायले नाहीत. ढोलकीवाला एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागला, कंपाउंडरची बदली झाली, मी वही कपाटात ठेवली.

आठ वर्षांनी ढोलकीवाल्याने घर बांधले. गृहप्रवेशाची बुद्धवंदना झाल्यावर आपण चौघांनी गायला बसायचे, असा निरोप त्याने धाडला. अण्णा येतो म्हणालेत, असेही कळवले. त्या निरोपाने माझी झोप उडाली. पट्टी विचारावी, तर आवाज गेला असे मीच चारचौघांत सुचवल्यासारखे होईल. न विचारावी, तर पुन्हा तोच मांडव आणि तोच हशा. शेवटी सगळी गाणी मी काळी दोनवर बसवली, पंधरा दिवस रोज शाळा सुटल्यावर घोकली, आणि काही न बोलता तीच पट्टी धरायची असे ठरवले.

अण्णा आले ते केस पिकलेले, गळ्याला पंचा गुंडाळलेला. सतरंजीवर माझ्यासमोर बसले. माझ्या मांडीवरच्या वहीकडे त्यांचे लक्ष गेले.

"गुरुजी, औंदा तरी इचारनार, का पट्टी लिहूनच आनली?"

कंपाउंडर खाली मान घालून हसला. मी वही मिटली.

"कुठं धरू, अण्णा?"

"तुमी एकेक पट्टी उतरत या. म्या सांगतो."

मी काळी चारपासून निघालो. प्रत्येक स्वरावर ते डोळे मिटून गुणगुणत आणि मान हलवून नकार देत. काळी तीन गेली. काळी दोन आली तेव्हा मी ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली. त्यांनी तिथेही मान हलवली. तिच्या लगेच खालच्या पांढरी दोनवर ते म्हणाले, "हितं."

एकाच पट्टीचा फरक. पण माझी पंधरा दिवसांची तयारी त्यात गेली. कंपाउंडर तारा लावू लागला, पाहुण्यांना दुसरा चहा दिला गेला, आणि मी नुसत्या बोटांनी आवाज न करता स्वर शोधत बसलो.

पहिली दोन गाणी कशीबशी पार पडली. तिसरे तेच होते, कारखान्यावर अर्धे राहिलेले. चढी ओळ जवळ आली तसे मी पेटीकडे पाहायचे सोडून त्यांच्या गळ्याकडे पाहू लागलो, आणि माझे बोट भलत्याच काळीवर पडले. कर्कश सूर निघाला. दारातली मुले खदखदून हसली.

अण्णा थांबले नाहीत. त्यांनी मुलांकडे पाहिलेही नाही. तीच ओळ पुन्हा घेतली, मग आणखी एकदा, ढोलकीवाल्याला हाताने ठेका चालू ठेवायला सांगत, माझे बोट जागेवर येईपर्यंत. मग ते वर गेले. आवाज थरथरत होता, पण पोचला.