मयतीच्या सामानाचं दुकान तेच राहील

मुंबईच्या चॅनेलचा फोन आला तेव्हा मी आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळत होते. मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या पुस्तकांवर त्यांना मालिका करायची होती. फोनवरच्या बाईंनी सगळी पुस्तकं वाचली होती. ऑफिसात एकटीच हसत होते, लोक बघायला लागले, असं त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर आत्याने विचारलं कोण होतं. तुझ्या दुकानाची मालिका निघतेय, असं मी सांगितलं. त्यावर ती म्हणाली की दुकान बंद झालंय हे त्यांना आधी सांगून टाक, नाहीतर मालिका बघून कोणीतरी सामान घ्यायला यायचं.

पुस्तकातलं दुकान खरं होतं. नागपूरला इतवारीतून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत्याचं मयतीच्या सामानाचं दुकान होतं. बांबू, सुतळी, मडकी, पांढरं कापड, गुलाल, गोवऱ्या. दुकान तिच्या नवऱ्याचं. तो तरुणपणीच गेला. त्याच्याच दुकानातलं सामान लावून त्याला पोचवलं, आणि तेरवी झाल्यावर आत्याने स्वतः फळ्या काढल्या आणि गल्ल्यावर बसली. बाईमाणसाने हे दुकान चालवायचं नसतं असं सांगायला बरेच जण आले. ती त्यांना बसायला सांगायची, चहा द्यायची आणि गिऱ्हाईक आलं की उठून बांबू काढून द्यायची.

माझी आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. वडील रेल्वेत, कायम फिरतीवर, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. घरातल्या सगळ्यांनी मला सांगितलं होतं की आई कुहीला, तिच्या माहेरी गेली आहे. कुहीकडून धान घेऊन इतवारीत गाड्या यायच्या. मी दुकानाच्या पायरीवर बसून प्रत्येक गाडीवानाला विचारायचे की माझी आई कधी येते. काही जण हसायचे, एकाने तर उद्या येते असं सांगितलं. ते आत्याने ऐकलं. तिने मला आत बोलावलं, समोर बसवलं आणि म्हणाली, "तुयी आई मेली वं. कुहीले नाही गेली. आता ते येत नाही."

मी खूप रडले. ती उगी उगी म्हणाली नाही. माझं रडून झाल्यावर तिने भात वाढला, आणि मी जेवले. त्या दिवसापासून मी गाडीवानांना विचारणं बंद केलं.

शाळेत माझ्या डब्यातलं कोणी खात नसे. एका मैत्रिणीच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं की त्या घरी जायचं नाही, तिथलं पाणी प्यायचं नाही. मी घरी येऊन हे आत्याला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिने पेंटर बोलावून दुकानावर आधीच्या दुप्पट मोठी पाटी लावून घेतली.

पण त्या दुकानात आम्ही हसायचो फार. आमच्या गल्लीत एक अतिशय उंच काका राहत होते. बाजारात मिळणारा बांबू आपल्याला आखूड पडेल आणि मेल्यावर पाय बाहेर लोंबतील, याची त्यांना धास्ती. एकदा ते दुकानात येऊन ओट्यावर चक्क आडवे झाले आणि आत्याला म्हणाले की माप घे. आत्याने सुतळीने माप घेतलं, लांब बांबू निवडून बाजूला ठेवले. पुढे कित्येक वर्षं ते येता-जाता डोकावून आपले बांबू जागेवर आहेत ना हे बघायचे. एकदा ते बांबू दुसऱ्याच कुणाला देऊन टाकावे लागले, तर महिनाभर बोलले नाहीत.

माझं पहिलं पुस्तक या काकांचं. मग एक बाई, जी पांढऱ्यात नवऱ्याचा रंग खुलत नाही म्हणून कफनाचं कापड परत आणते. मग एक सावकार, जो मडकं गळकं तर नाही ना हे पाणी भरून तपासतो. हे सगळं दुकानामागे राहणाऱ्या एका मुलीच्या डोळ्यांनी. तिची आई मेलेली आहे आणि आत्या तिला सांभाळते. पुस्तकं आली तेव्हा काही पालकांनी मला पत्रं लिहून झापलं. मुलांची पत्रंही आली. मुलांना पुढच्या पुस्तकात कोण मरणार एवढंच विचारायचं होतं.

चॅनेलशी करार करताना मी एकच वाक्य हट्टाने घालायला लावलं, की कथेत मूलभूत बदल माझ्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. पहिल्या भागाची पटकथा मीच लिहिली. चॅनेलने नेमलेला दिग्दर्शक तिशीतला होता, मितभाषी. त्याने वाचून एवढंच कळवलं की आता मला दुकान बघायचं आहे.

आणि मग चॅनेलच्या सूचना आल्या. व्हिडिओवर मीटिंग झाली. बाई फार गोड बोलत होत्या. मालिका लहान मुलांची आहे, घरात आजी-आजोबाही सोबत बसून बघतात, सकाळी सकाळी पडद्यावर तिरडी दिसणं बरं नाही. म्हणून त्यांनी एक तोडगा काढला होता. दुकान मयतीच्या सामानाचं न ठेवता लग्नाच्या सामानाचं करायचं. बांबू तर मांडवालाही लागतात, मडकी लग्नातही लागतात, म्हणजे सेटचा खर्चही तोच. आणि मुलीची आई मेलेली नको, परदेशात नोकरीला गेलेली दाखवू. शेवटच्या भागात ती विमानाने परत येईल.

मी लगेच नाही म्हटलं नाही. मला वाटलं, करून तर बघू. घरी बसून मी उंच काकांचा प्रसंग लग्नाच्या दुकानात लिहून पाहिला. काका येतात, मांडवाचे बांबू उंच आहेत का ते बघतात, कारण मुंडावळ्या बांधून उभं राहिल्यावर डोकं कापडाला लागेल. प्रसंग नीट होता, कुठे अडत नव्हता. पण वाचताना मला जरासुद्धा हसू आलं नाही. मी तो दिग्दर्शकाला पाठवला. त्याचं उत्तर आलं की हे लिहायला नको होतं, चॅनेलने पाहिलं तर त्यांना वाटेल की होतंय.

मी आत्याला सांगितलं. ती पलंगावर पडून शेंगा सोलत होती. आईला जिवंत करणार आहेत हे ऐकून तिचे हात थांबले.

"काहून?" ती म्हणाली. "आपल्याले जमलं नाही, त्यायले कसं जमून राहिलं?"

त्यानंतर दिग्दर्शक नागपूरला आला. दुकान आता नाही, तिथे मोबाइलची ॲक्सेसरी विकतात, पण शेजारची एक बंद गाळ्याची जागा त्याला आवडली. संध्याकाळी तो आमच्या फ्लॅटवर आला. आत्या त्याच्यासमोर खुर्चीत बसली. त्याने तिला बांबू कुठून यायचे, गिऱ्हाईक कसं बोलायचं असं बरंच विचारलं. शेवटी त्याने विचारलं की लहान मुलं हे बघून घाबरतील असं तुम्हाला वाटतं का. आत्याने माझ्याकडे बोट केलं.

"हे पोट्टी रोज रस्त्यावर बसून गाडीवाल्यायले विचारे, आई कवा येते. ते घाबरनं नव्हतं का? मी खरं सांगतलं, तवा हिचं घाबरनं थांबलं. तुमी तिची आई वापस आनसान, तर जिची येत नाही ते पोरगी काय करंन, बाबू?"

दिग्दर्शकाने वही मिटली आणि उरलेला चहा संपवला. जाताना जिन्यात मला म्हणाला की पुढच्या मीटिंगमध्ये मी तुमच्या बाजूने बोलेन, पण माझ्या बोलण्याला तिथे फार किंमत नाही.

तो बोलला. खरोखरच किंमत नव्हती. बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "मॅडम, दुकान बदललं तरी आत्मा तोच राहील ना?"

मी म्हटलं, "दुकान बदललं की त्या मुलीला हसायचं कारणच उरत नाही. मरण दारात येऊन बसतं म्हणून ती हसते. दुकान तेच राहील, आणि आई मेलेलीच राहील."

"आपण लहान मुलांबद्दल बोलतोय," त्या म्हणाल्या.

"मीही त्यांच्याबद्दलच बोलतेय. संमती देणार नाही."

त्यांनी विचार करायला वेळ दिला. मला नको होता. नंतर दोनदा त्यांच्या ऑफिसातून फोन आले, एकदा दुकान फुलांचं करूया असंही सुचवलं गेलं. मी तेच उत्तर दिलं. कराराची मुदत संपली आणि मालिका बारगळली. माझ्या चुलत-मावस भावंडांना मी मूर्ख वाटले. एवढी टीव्हीची संधी येते कुणाला, असं एकजण म्हणाला. लग्नकार्यात नातेवाईक विचारायचे की तुझ्या मालिकेचं काय झालं. मी सांगायचे की त्यांना लग्नाचं दुकान पाहिजे होतं, माझ्याकडे मयतीचं आहे. मग पंगतीत जरा शांतता पसरायची. ती मला आवडायला लागली होती.

दिग्दर्शकाने चॅनेल सोडलं, माझ्यासाठी नव्हे, त्याची स्वतःची कारणं होती. पण नंतरच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला की लहान युनिट घेऊन येतो, पहिलं पुस्तक अर्ध्या तासात बसवू. इथल्या नाटकवाल्यांनी कामं केली. बोली आमचीच ठेवली. चॅनेलच्या सूचनांप्रमाणे ती फक्त नोकराच्या तोंडी ठेवायची होती. आमच्याकडे सावकारापासून मुलीपर्यंत सगळे तसंच बोलतात. आत्या शूटिंगला एकदा आली, तिची भूमिका करणाऱ्या बाईला निरखून बघितलं, आणि ही फारच वाळलेली, गरीब दिसते म्हणाली.

पहिला खेळ आम्ही भिवापूरच्या एका शाळेत लावला. मुलं सतरंजीवर, मागे काही पालक. उंच काका ओट्यावर आडवे झाले तेव्हा सगळी सतरंजी हसून हलली. मग मुलीला आई गेल्याचं सांगितलं जातं तो प्रसंग आला आणि सगळं चिडीचूप झालं. मुख्याध्यापक उठून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले की एवढं पुरे, बंद करूया, काही पालकांना बरं वाटत नाहीये. प्रोजेक्टर माझ्या शेजारी टेबलावर होता. मी त्यांना म्हटलं, ज्यांना बरं वाटत नाही त्यांनी बाहेर उभं राहावं, मुलं बघताहेत. ते मागे जाऊन दाराशी उभे राहिले. दोन पालक बाहेर गेले. त्यांतल्या एकाचा मुलगा बापाचा हात सोडवून परत येऊन बसला.

पडद्यावरची मुलगी रडून भाताला बसली तेव्हा मुलांमध्ये पुन्हा हळूहळू कुजबुज सुरू झाली. संपल्यावर दुसरी-तिसरीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली की माझा बाबा पण मेला. बस एवढंच सांगायचं होतं तिला. मी हो म्हटलं. ती मैत्रिणींकडे पळाली.

त्या शाळेने आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. पारशिवनीच्या शाळेने बोलावलं, मग आणखी काहींनी. आता सावकाराची गोष्ट शूट झाली आहे, आणि आत्या रोज विचारते की तिचं काम करणारी बाई जरा तरी जाडजूड मिळाली का.