पासावरचे पाहुणे

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या वाचनालयात संग्रहालयाचे सवलतीचे पास देणाऱ्या बाई प्रत्येक नियम ओळीखाली बोट धरून वाचून दाखवत. पास एकाच घरात राहणाऱ्यांसाठी असे. त्या शनिवारी आई-बाबा सोबत होते; सोमवारी त्यांचं पुण्याला परतायचं विमान होतं. पूर्ण तिकीट काढून बाबा संग्रहालयात आले नसते.

"हे तुमच्याकडेच राहतात?" बाईंनी मला इंग्रजीत विचारलं.

"नो, नो, वी आर गेस्ट्स," बाबाच उत्तरले.

"अहो, गप्प बसा ना!" आई पुटपुटली.

बाईंचं बोट थांबलं. "किती दिवस झाले येऊन?"

"सहा महिने," मी म्हणालो.

"मग पाहुणे कसले?" म्हणत त्यांनी पासावर आम्हा तिघांची नावं लिहिली.

विमानतळावर बाबा म्हणाले, "त्या बाईंना नमस्कार सांग हं." मंगळवारी जाऊन मी तो सांगितला.