आत राहणारं भावंड

आमच्या लॅबच्या बाईंइतकं एका प्रथिनावर प्रेम करणारं माणूस वाशीच्या खाडीच्या अलीकडे-पलीकडे कुठेही झालेलं नाही, आणि होऊही नये, कारण अशा माणसाच्या हाताखाली रविवार नावाचा वार कॅलेंडरवरून नाहीसा होतो. पेशींना रोज खायला लागतं, त्यांना सुट्टी कळत नाही, असं बाईंचं म्हणणं. पेशी ठेवलेल्या उबदार कपाटाचं, म्हणजे इन्क्युबेटरचं, दार कुणी जरा जोरात लावलं तर बाई दिवसभर अबोला धरायच्या. बाई मूळच्या खाडीकाठच्या दिवाळे गावच्या, कोळ्यांच्या घरातल्या. लॅबमध्ये अगदी पुस्तकी बोलायच्या, पण आनंद झाला की गावची बोली उसळून वर यायची. मॅडम म्हटलेलं त्यांना खपत नसे.

त्यांचं लाडकं प्रथिन पेशींना वाढायला सांगणारं. एकाच जनुकातून त्याची आखूड आणि लांब अशी रूपं निघतात, म्हणजे सख्खी भावंडंच. आखूड रूप पेशीबाहेर पडतं आणि शेजारपाजारच्या पेशींची दारं वाजवत, उठा, वाढा, जखम भरा, असं सांगत हिंडतं. लांब रूपाच्या अंगाला एक जास्तीचा तुकडा असतो, त्यात केंद्रकाचा पत्ता असतो. ते थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन बसतं आणि आतूनच काय ते काम करतं. सगळं जग आखूड रूपाच्या मागे लागलं होतं, तेव्हा बाईंनी उभा जन्म या लांबड्याला वाहिला. त्याला हिरवी चमकणारी खूण जोडून त्यांनी ते पेशींमध्ये घातलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकं हिरवी दिसली की बाई मला खांद्याला धरून ओढत, "बग गो, कसा बसलाय आत!"

माणसांचीही त्या अशीच वाटणी करत. मी आखूड, कारण शनिवार आला की मी कोपरखैरण्याला घरी न जाता मैत्रिणींबरोबर वाशीची दुकानं पालथी घालायचे. स्वतः त्या लांब, आतच बसणाऱ्या. परदेशातल्या एका लॅबने बोलावलं तेव्हा गेल्या नाहीत. एका मोठ्या पाहुण्यांनी भर सेमिनारमध्ये विचारलं, "पण हे रूप बाहेरच येत नाही, तर त्याचा उपयोग काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "घरात राबणाऱ्याला सगळे हेच विचारतात." सभागृह हसलं. बाई हसल्या नव्हत्या.

लॅबच्या सवयी त्यांच्या अंगात इतक्या मुरल्या होत्या की भाच्याच्या हळदीलाही त्या सुटल्या नाहीत. उघड्या डिशवर बोलायचं नाही, झाकण पूर्ण बाजूला करायचं नाही, हा आमचा नियम. बाईंनी हळदीच्या वाटीवर ताटली अर्धवट तिरकी धरली आणि गाणी म्हणणाऱ्या बायकांना दटावलं, "वाटीवर तोंड करून गाऊ नका, काहीतरी पडेल आत." त्यांची बहीण वैतागून म्हणाली, "हिला कोनी हितना न्या रं, पोराला हलद लागू दे!"

यंदा बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या, आणि नव्या सरांना ती जागा हवी होती. सर वाईट नाहीत. म्हणाले, "एकदा जाग्या करून बघा. इतकी वर्षं गोठलेल्या पेशी कधीकधी बाहेरून घातलेलं रूप टाकून देतात. हिरवं दिसलं तर ठेवू, नाहीतर काढून टाकू." एका कुपीतल्या पेशी मी जाग्या केल्या, रोज खायला घातलं. बाईंना काही बोलले नव्हते, तरी त्यांना कुठूनतरी कळलंच. रोज फोन. "चिकटल्या का बशीला?" चिकटल्या, बाई. "वाढतायत?" वाढतायत. हिरव्या दिसतायत का, हा पुढचा प्रश्न मात्र त्या विचारत नव्हत्या.

पेशींनी डिश भरली तशी मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लॅबमधला दिवा घालवला. मग अंधारात एकेक केंद्रक हिरवं दिसू लागलं.

मी तिथूनच फोन लावला. "बाई, आतच आहे. जिथे बघावं तिथे."

पलीकडे दिवाळ्याच्या जेट्टीवरच्या बायकांचा गलका ऐकू येत होता. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला. मी भायेर परले, त्यो तरी आत हाय."

फोन ठेवला तशी मला त्यांची फार आठवण आली. डिश जागेवर ठेवली आणि इन्क्युबेटरचं दार अगदी हळू लावलं.