विमानाला घाटाचा वळसा

शेजारच्या वर्गात मुलं कविता चालीवर म्हणत होती आणि आमचा वर्ग मला हसत होता. तो आवाज अजून कानात आहे.

पन्नासच्या दशकातली आमची ठाण्याची शाळा. जुहू ते कोल्हापूर हे विमानाचं अंतर मी नकाशावर सरळ दोरा ताणून मोजलं. वर्गातला वसंता ओरडला, "अरे दोरेवाल्या, घाटाचा वळसा कुणी धरायचा?" गुरुजींनीही त्याचंच खरं मानलं. दोरेवाला हे नाव जन्मभर चिकटलं.

आज कोल्हापूरहून विमानाने आलो. घाट खाली, आम्ही वरून सरळ, तासाभरात मुंबई! घरी येताच खिडकीतून काढलेला फोटो आपल्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. "वसंता, कुठाय रे तुझा वळसा?"

आत्ता बेल वाजली. दारात काठी टेकत, थेट डोंबिवलीहून आलेला वसंता! "हरलो रे बाबा. आत येऊ का?"

मित्रांनो, अजून बाहेरच उभा केलाय. घेऊ का आत?